विश्लेषण : चारही बाजू बरोबर, तरी घर तिरके का? भास्कराचार्य आणि कर्णाचा हिशेब

धारणी तालुक्यातल्या एखाद्या गावात घरकुलाचे जोते आखायचे असते तेव्हा आधी चार खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात आणि टेप फिरवतात. लांबी दोन्हीकडून 18 फूट, रुंदी दोन्हीकडून 15 फूट. चारही मापे चोख. पण जाणता मिस्त्री एवढ्यावर कुदळ मारू देत नाही. तो टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपा टाकतो, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांतही टाकतो. दोन्ही तिरपी मापे सारखी आली तरच खोदाई सुरू होते.

हे तिरपे माप म्हणजे आयताचा कर्ण. तो लांबी-रुंदीवरून आधीच काढता येतो आणि दोरी बरोबर लागली की नाही, हे त्यावरून कळते. शाळेत हे सूत्र पायथागोरसच्या नावाने शिकवतात. मराठी मुलखात मात्र ते शतकानुशतके एका वेगळ्या पुस्तकातून शिकवले गेले. त्या पुस्तकाचे नाव ‘लीलावती’ आणि ते लिहिणारे भास्कराचार्य. बाजू बरोबर असणे आणि चौकोन बरोबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी आकडे मांडून दाखवले होते.

भास्कराचार्य कोण आणि कुठले?

प्राचीन भारतीय गणितींपैकी बहुतेकांच्या आयुष्याबद्दल दोन ओळींपलीकडे काही हाती लागत नाही. भास्कराचार्य त्याला काही प्रमाणात अपवाद आहेत, कारण त्यांनी स्वतःची माहिती ग्रंथातच नोंदवली. जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114. गोत्र शांडिल्य. वडिलांचे नाव महेश्वर. गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला वसलेले विज्जलविड. वयाच्या 36 व्या वर्षी, म्हणजे 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला.

हे विज्जलविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींनी कर्नाटकातले विजापूर सुचवले, काहींनी चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर. पाटणच्या बाजूने एक दगडी पुरावा आहे, त्याकडे पुढे येऊ. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते, असेही अनेक पुस्तकांत छापलेले असते. त्याला त्यांच्या स्वतःच्या लिखाणात आधार मिळत नाही.

याच नावाचे आणखी एक गणिती त्यांच्या सुमारे पाचशे वर्षे आधी, सातव्या शतकात होऊन गेले. म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत पहिले भास्कर आणि दुसरे भास्कर असा फरक करतात. लीलावतीकार ते दुसरे.

विद्या घरातलीच होती. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू, असे ते कृतज्ञतेने सांगतात. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांच्या बीजगणितांतले सार आपण घेतले, हेही ते लपवत नाहीत. आपण अमुक गोष्ट पहिल्यांदा शोधली, असा दावा त्यांनी कर्णाच्या नियमाबद्दल कुठेच केलेला नाही. आजच्या वादांत हे विसरले जाते.

‘सिद्धांतशिरोमणी’चे चार भाग आहेत. ‘लीलावती’ अंकगणित आणि क्षेत्रमापनाचा, ‘बीजगणित’ नावाप्रमाणे बीजगणिताचा, ‘ग्रहगणित’ ग्रहांच्या गतीचा आणि ‘गोलाध्याय’ आकाशगोलाचा. जगभरचे गणिती त्यांचे नाव घेतात ते बहुतेक वेळा चक्रवाल पद्धतीसाठी. एका संख्येच्या वर्गाला 61 ने गुणून त्यात 1 मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी ती संख्या कोणती? सर्वात लहान उत्तर 22 कोटी 61 लाख 53 हजार 980. हे त्यांनी बाराव्या शतकात काढले. युरोपात हाच प्रश्न सतराव्या शतकात पुढे आला. पण गावोगावच्या पाठशाळांत पोहोचली ती मात्र ‘लीलावती’.

कर्ण काढायचा कसा?

‘लीलावती’च्या क्षेत्रव्यवहार या प्रकरणात सुरुवातीलाच हा नियम येतो. काटकोनाशी मिळणाऱ्या दोन बाजूंपैकी एकीला भुज म्हणायचे, दुसरीला कोटी. दोघींचे वर्ग करायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचे वर्गमूळ घ्यायचे. ते मूळ म्हणजे कर्ण. उदाहरण म्हणून दिलेले आकडे कुठल्याही मिस्त्रीला पाठ असतात: 3, 4 आणि 5.

संस्कृतात कर्ण म्हणजे कान. गंमत अशी की या तिरप्या रेषेसाठी जुन्या गणितात श्रुती आणि श्रवण हे शब्दही सर्रास वापरतात, कारण त्यांचाही अर्थ कानाशी जुळतो. काटकोन त्रिकोणाच्या सर्वात मोठ्या बाजूला इंग्रजीत एक शब्द आहे आणि आयताच्या तिरप्या रेषेला दुसरा. मराठीत दोन्हींना कर्णच म्हणतात आणि ते सोयीचेही आहे, कारण आयत कर्णावर कापला की दोन काटकोन त्रिकोणच हाती येतात.

भास्कराचार्यांनी याच्या शेजारी एक सोपी वाट दाखवली आहे. दोन बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट करा आणि त्यात त्या बाजूंच्या फरकाचा वर्ग मिळवा. वर्गांची बेरीज आपोआप मिळते. 15 आणि 18 फुटांच्या जोत्यावर हे करून पाहता येते. गुणाकार 270, दुप्पट 540. फरक 3, त्याचा वर्ग 9. बेरीज 549. जोत्याचे क्षेत्रफळ आधीच काढलेले असेल तर हा हिशेब तोंडी होतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट ठरवलेले आहे. 15 बाय 18 चे जोते नेमके त्याच्या आसपास बसते.

मूळ पूर्ण निघाले नाही तर?

खरी अडचण इथे आहे. 3-4-5 ची गोष्ट सगळ्यांना येते, पण 549 चे वर्गमूळ पूर्ण अंकात निघत नाही. जगातले बहुतेक आयत असेच असतात. भास्कराचार्यांनी हे टाळले नाही. दुसरेच उदाहरण त्यांनी मुद्दाम अवघड घेतले: भुज सव्वातीन आणि कोटीही सव्वातीन, तर कर्ण किती?

वर्गांची बेरीज येते 169 भागिले 8. याला पूर्ण मूळ नाही. त्यासाठी त्यांची युक्ती अशी: अंश आणि छेद यांचा गुणाकार करा, म्हणजे 1352. त्याला एका मोठ्या वर्गसंख्येने गुणा. त्यांनी 10000 घेतली. आले 1 कोटी 35 लाख 20 हजार. याचे जवळचे मूळ 3677. आता 10000 चे मूळ 100 आणि छेद 8 यांच्या गुणाकाराने, म्हणजे 800 ने भागा. उत्तर 4 पूर्ण 477 अष्टशतांश. आजच्या मोबाइलवर हाच हिशेब केला तर 4.5962 येतात, त्यांचे उत्तर 4.59625. चूक दहा हजारात एकाहूनही कमी.

युक्तीचे मर्म मोठ्या वर्गसंख्येत आहे. ती जितकी मोठी घ्याल तितके उत्तर बारीक होत जाते. दशांश चिन्ह लिहिण्याची पद्धत नसताना दशांशाचे काम करून घेण्याची ही रीत. आपल्या 549 ला ती लावली तर 54 लाख 90 हजारांचे जवळचे मूळ 2343 आणि शंभराने भागल्यावर 23.43 फूट. टेपवर ते साधारण 23 फूट 5 इंच. धारणीच्या जोत्यावर टेप तिरपा टाकला की हे माप यायला हवे, दोन्हीकडून.

किती बारीक उत्तर हवे, हे कामावर ठरते, हेही भास्कराचार्यांना ठाऊक होते. वर्तुळाच्या परिघासाठी त्यांनी दोन प्रमाणे दिली आहेत: सूक्ष्म हवे तर 3927 भागिले 1250, व्यवहाराला पुरेल असे हवे तर 22 भागिले 7. आजही शाळेत दुसरेच चालते.

बांबू, मोर आणि कमळ

नियम दिला आणि पुढे गेले, असे ‘लीलावती’त होत नाही. कर्णाचा नियम मुलांच्या अंगवळणी पडावा म्हणून एकामागून एक गोष्टी येतात. 32 हात उंच बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकले; तो किती उंचीवर मोडला? उत्तर 12 हात, कारण मोडलेला भाग 20 हातांचा कर्ण होतो. मेळघाटातल्या मुलांना बांबू समजावून सांगावा लागत नाही. पाठ्यपुस्तकातल्या शिडी आणि भिंतीपेक्षा हे गणित त्यांच्या जवळचे आहे.

दुसऱ्या गणितात 9 हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे आणि साप 27 हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले तर गाठ कुठे पडेल? बिळापासून 12 हातांवर. तिसऱ्यात तळ्यातले कमळ पाण्यावर अर्धा हात आहे आणि वाऱ्याने झुकून 2 हातांवर बुडते. तर पाणी किती खोल? पावणेचार हात.

नीट पाहिले तर पहिल्या गणितात 12, 16, 20 आहेत आणि दुसऱ्यात 9, 12, 15. दोन्ही 3-4-5 चीच वाढवलेली रूपे. मूळ काढण्याच्या कटकटीत मुलाचे लक्ष अडकू नये आणि त्याने आकृती पाहावी, अशी ही निवड दिसते. शिक्षक म्हणून भास्कराचार्य किती सावध होते, हे इथे कळते.

चार बाजू पुरेशा का नाहीत?

आता मूळ प्रश्न. लांबी-रुंदी बरोबर असताना कर्ण मोजायचाच कशाला?

‘लीलावती’त एक उदाहरण आहे, ज्याच्या चारही बाजू 25 आहेत. वाचणारा म्हणेल, चौरस, क्षेत्रफळ 625. भास्कराचार्य दाखवतात की त्याच चार बाजूंचा चौकोन थोडा दाबला आणि त्याचे कर्ण 30 आणि 40 झाले, तर क्षेत्रफळ 600 उरते. आणखी दाबून कर्ण 14 आणि 48 केले, तर फक्त 336. बाजू त्याच, कुंपणाची लांबी तीच, जमीन निम्म्याच्या जवळपास. दोन्ही कर्ण सारखे आले तरच 625.

चारपाई सैल झाली की तिरकी होते, तसे हे आहे. चार लाकडे लांबीने तीच राहतात, पण कोपरे हलतात. कर्णाचा एक तुकडा ठोकला की चौकट जागच्या जागी बसते. म्हणूनच लाकडी फाटकाला तिरपी पट्टी मारतात आणि लोखंडी कैच्यांत त्रिकोण दिसतात.

म्हणून लंब किंवा कर्ण यांपैकी काहीच न सांगता फक्त चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यावर भास्कराचार्य चक्क चिडले आहेत. असा प्रश्न करणाऱ्याला ते पिशाच ठरवतात आणि त्याला उत्तर देणाऱ्याला त्याहून वाईट. गणिताच्या पुस्तकात एवढा राग क्वचित सापडतो. त्यामागे कारण होते. चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे एक सूत्र ब्रह्मगुप्ताच्या काळापासून, म्हणजे सातव्या शतकापासून, वापरात होते आणि लोक ते डोळे झाकून लावत. भास्कराचार्यांनी 14, 9, 13 आणि 12 बाजूंचा चौकोन घेतला, ज्याचा लंब 12 आहे. सूत्राने 141 ला किंचित कमी उत्तर येते. खरे क्षेत्रफळ 138. तीन एककांची जमीन कागदावर जास्त.

इथे भास्कराचार्यांची एक उणीवही सांगायला हवी. ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात, त्याला ते जुने सूत्र अगदी अचूक लागू पडते. ही अट ‘लीलावती’त येत नाही. सूत्र ढोबळ आहे हे त्यांनी ओळखले, पण ते कधी ढोबळ नसते हे सांगितले नाही.

जोत्यावर परत येऊ. 15 फुटांची बाजू एका टोकाला फक्त 9 इंच सरकली, तर चारही बाजू टेपवर 15 आणि 18 च दिसतील. क्षेत्रफळही फारसे बिघडत नाही, जेमतेम एक तृतीयांश चौरस फूट कमी होते. पण एक कर्ण 24 फूट होतो आणि दुसरा 22 फूट 10 इंच. म्हणजे दोन्हींत जवळजवळ 14 इंचांचा फरक. खुंट्यांच्या वेळी न दिसलेले हे 9 इंच मग टिनपत्रे टाकताना दिसतात. पत्रा एका बाजूला भिंतीबाहेर जातो, दुसऱ्या बाजूला भिंत उघडी राहते आणि पावसाळा मेळघाटातला असतो. सरकारी हप्त्यात बसवलेल्या घराला जास्तीचा पत्रा आणणे कुणालाही परवडत नाही.

शेताच्या बाबतीतही तेच. ‘लीलावती’च्या सुरुवातीला मापांची यादी आहे: 24 अंगुळांचा एक हात, 10 हातांचा एक वंश, म्हणजे बांबू, आणि चारही बाजूंनी 20 वंश असलेले शेत म्हणजे एक निवर्तन. आज गुंठा चालतो, 33 बाय 33 फूट. त्याच्या कर्णाचे माप 46 फूट 8 इंच. ते दोन्हीकडून आले नाही तर तो गुंठा 1089 चौरस फुटांना कमीच भरणार. शंकुसाखळीने मोजणी करताना शेतात आधी एक लांब रेषा धरतात आणि तिच्यावर लंब टाकून शेताचे त्रिकोण-चौकोन पाडतात. भुज, कोटी, लंब, कर्ण हीच मंडळी तिथेही कामाला असतात.

हे खरे कशावरून?

नियम चालतो हे मोजून कळते. तो का चालतो, हे ‘बीजगणित’ या भागात येते. तिथे भुज 15 आणि कोटी 20 असे उदाहरण घेऊन कर्ण तर विचारलाच आहे, शिवाय उपपत्तीही मागितली आहे.

ती कागद कापून पाहता येते. 15 आणि 20 बाजूंचे चार सारखे काटकोन त्रिकोण घ्या. त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येतील अशा रीतीने ते गोलाकार मांडा. बाहेर एक मोठा चौरस तयार होतो, ज्याची प्रत्येक बाजू म्हणजे कर्ण. आत मध्यभागी एक लहान चौकोनी खिडकी उरते, जिची बाजू 20 वजा 15, म्हणजे 5. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ 150, चारांचे 600, खिडकीचे 25. एकूण 625. ज्या चौरसाचे क्षेत्रफळ 625 त्याची बाजू 25. कर्ण सापडला आणि का सापडला तेही कळले. गुणाकाराची दुप्पट अधिक फरकाचा वर्ग, हा वर सांगितलेला नियमही याच आकृतीत बसलेला आहे.

भास्कराचार्यांनी आकृती काढून खाली फक्त ‘पाहा’ एवढाच शब्द लिहिला, अशी गोष्ट जगभरच्या पुस्तकांत फिरते. गोष्ट छान आहे, पण त्यांच्या माणसाला न्याय देणारी नाही. ते पायऱ्या सांगतात आणि आकडे मांडतात.

मग शोध कुणाचा?

हा प्रश्न दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. इराकमध्ये सापडलेल्या बॅबिलोनी मातीच्या विटांवर पायथागोरसच्या हजारएक वर्षे आधीचे कर्णाचे हिशेब कोरलेले आहेत. भारतात बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी हा नियम येतो आणि विशेष म्हणजे तो त्रिकोणाच्या नव्हे, आयताच्या भाषेत सांगितलेला आहे: आयताच्या कर्णावरचा चौरस लांबी आणि रुंदीवरच्या चौरसांएवढा असतो. दोरीने वेदी आखणारे आणि दोरीने जोते आखणारे एकाच अडचणीतून या नियमाशी पोहोचले असणार. भास्कराचार्य त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी आले. शोधाचे श्रेय त्यांना देण्याची गरजच नाही. अपूर्ण मुळांवरचा हिशेब, चौकोनातली फसगत आणि उपपत्ती एकत्र शिकवणारे पाठ्यपुस्तक त्यांनी दिले, हे पुरेसे मोठे आहे.

लीलावती खरेच त्यांची मुलगी होती का?

कहाणी सर्वांना माहीत आहे. मुलीच्या पत्रिकेत वैधव्य, टाळण्यासाठी नेमका मुहूर्त, पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र, त्यात पडलेला मोती, चुकलेली वेळ आणि मग तिच्या दुःखावर उतारा म्हणून तिच्या नावाने लिहिलेले गणित. ही कहाणी भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने 1587 मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. ग्रंथात काही ठिकाणी मुलीला किंवा तरुणीला उद्देशून प्रश्न विचारले आहेत हे खरे, पण ती लेक होती, पत्नी होती की केवळ लिहिण्याची रीत होती, हे त्यावरून ठरत नाही. पुस्तकातले गणित कमी जणांना आठवते आणि मोत्याची गोष्ट सर्वांना, हे मात्र या ग्रंथाचे दुर्दैव.

पाटणचा दगड काय सांगतो?

घराण्याबद्दल भक्कम माहिती मिळते ती चाळीसगावजवळच्या पाटणमधून. तिथल्या देवीच्या देवळातल्या शिलालेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांचा निबंध 1865 मध्ये प्रसिद्ध झाला. लेख शके 1128 चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला आहे. त्यात त्रिविक्रमापासून पिढ्या दिल्या आहेत. महेश्वराचा मुलगा भास्कर, भास्कराचा लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा चांगदेव. यादव राजा जैत्रपालाने लक्ष्मीधराला याच गावाहून आपल्या दरबारी नेले, असे लेख सांगतो. पाटण हे घराण्याचे गाव असावे, या मताला बळ मिळते ते यातून. चांगदेव हा पुढे सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला.

या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ उभारला, म्हणजे एक शाळाच. तिथले स्थानिक सत्ताधीश निकुंभ वंशातले सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी तिला दाने दिली. हा हेमाडिदेव म्हणजे हेमाडपंत नव्हे, आणि हा चांगदेव म्हणजे ज्ञानेश्वरांच्या भेटीला आलेले योगी चांगदेवही नव्हेत. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला तरी शेवटी दानांचा तपशील जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला द्यायचा, असा तो हिशेब. व्यापाऱ्यांना कळावा म्हणून तो त्यांच्या भाषेत कोरला. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराच्या कमाईतून चालायचा आणि ते दगडावर मराठीत लिहिलेले असायचे, ही आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

भास्कराचार्यांनी शेवटचा ज्ञात ग्रंथ ‘करणकुतूहल’ शके 1105 मध्ये, म्हणजे 1183 साली लिहिला. तेव्हा ते 69 वर्षांचे होते. पंचांग करणाऱ्यांना सोपे व्हावे, असा तो छोटा ग्रंथ आहे. मोठा सिद्धांत छत्तिशीत आणि रोजच्या कामाची सोय म्हातारपणी. मृत्यूचे साल सहसा 1185 दिले जाते.

वऱ्हाडशी नाते

वऱ्हाडच्या वाचकाने लक्षात ठेवावे असे एक घराणे या कथेत आहे. एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरात, पयोष्णीकाठी दधिग्राम नावाच्या गावी चिंतामणी नावाचे ज्योतिषी राहत. पयोष्णी ही सहसा पूर्णा मानली जाते. त्यांच्या वंशातले बल्लाळ काशीला गेले आणि त्यांच्या मुलांनी भास्कराचार्यांचे गणित उत्तर भारतात नव्याने उलगडले. कृष्ण दैवज्ञ यांनी ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली, जिच्यात नियम का खरे आहेत याची सविस्तर उपपत्ती आहे. त्यांना जहांगीर बादशहाचा आश्रय होता. त्यांचे भाऊ रंगनाथ यांनी 1603 मध्ये ‘सूर्यसिद्धांता’वर टीका पूर्ण केली. रंगनाथांचे पुत्र मुनीश्वर याच साली जन्मले आणि पुढे त्यांनी ‘लीलावती’वरच टीका लिहिली.

नकाशावर पाहिले तर हे सगळे एकाच पाणलोटातले आहे. धारणी तालुक्यातून वाहत जाणारी तापी पुढे पूर्णेला आणि नंतर चाळीसगावच्या बाजूने येणाऱ्या गिरणेला पोटात घेते.

‘लीलावती’ 1817 मध्ये कोलब्रुक यांनी इंग्रजीत नेली. मराठीत ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ 1971 मध्ये आले. त्यात मूळ श्लोक, अर्थ आणि आजच्या पद्धतीने सोडवलेली उदाहरणे आहेत. सव्वातीनाच्या चौरसाचा कर्ण, 25 बाजूंचे तिन्ही चौकोन आणि मोडलेला बांबू, सगळे तिथे मराठीतून वाचायला मिळते.